अपुरा जन्मणारा मेंदू

इचोडा परिसरात वैद्यकीय व्यवसाय करताना पालक मला एक प्रश्न वारंवार विचारतात : "डॉक्टरसाहेब, शाळा तेलुगू-इंग्रजीची, मग घरात मराठी बोलणं बंद करू का?" गोंड माता गोंडीविषयी हेच विचारतात. या प्रश्नाचे उत्तर उत्क्रांतिशास्त्रात सापडते.

चिंपांझीचे पिलू जन्मते तेव्हा त्याचा मेंदू प्रौढ आकाराच्या सुमारे ४० टक्के असतो. मानवी अर्भकाचा मात्र ३० टक्क्यांच्या आसपासच. उरलेली वाढ गर्भाशयाबाहेर, माणसांच्या सहवासात होते. पाचव्या वर्षाच्या सुमारास शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक ऊर्जा एकटा मेंदू खर्च करतो. निसर्गाने ही खर्चिक व्यवस्था का टिकवली असावी? मूल कोणत्या जगात जन्मेल, हे जनुकांना ठाऊक नसते. म्हणून जनुके शिकण्याची क्षमता देतात. काय शिकायचे, ते भोवतालची माणसे पुरवतात.

जॅनेट वेर्कर व रिचर्ड टीस यांचे १९८४ सालचे संशोधन येथे उद्बोधक आहे. इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील भेद कळत होता. वर्षाची होईपर्यंत ती क्षमता ओसरली. हिंदीभाषक बाळांत ती टिकली, कारण ते उच्चार त्यांच्या कानावर रोज पडत होते.

तात्पर्य, घरची भाषा बंद करू नये. अनेक भाषांमुळे मूल गोंधळत नाही. एकेका भाषेतील शब्द आरंभी थोडे कमी भासले, तरी सर्व भाषांची बेरीज केल्यास ते सहसा मागे नसते. पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४३ साली मानवशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या. घरच्या भाषेतून शिक्षणाचा तो पाया होता.

व्यवसायबंधूंना एक विनंती. मूल उशिरा बोलू लागले, तर "घरात तीन भाषा आहेत, म्हणून" असे सांगून पालकांना परत पाठवू नये. प्रथम श्रवणचाचणी करावी. लोह व आयोडीनची कमतरता पाहावी. घरात मुलाशी किती बोलले जाते, हेही विचारावे. मोबाइल बोलतो, पण बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. आजी देते. वाढत्या मेंदूला या देवाणघेवाणीची गरज असते, आणि ही संधी पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते.