चाळीस शिलिंग दंडाचा खटला

बॉस्टनच्या बॉयल्स्टन स्ट्रीटवर मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीची इमारत आहे. १७९१ मध्ये जेरेमी बेल्कनॅप नावाच्या पाद्री-इतिहासकाराच्या पुढाकाराने सुरू झालेली ही अमेरिकेतली सर्वांत जुनी इतिहास संस्था. तिच्या दप्तरात विल्यम कुशिंग या न्यायाधीशाचे आणि त्याच्या घराण्याचे कागद जपून ठेवले आहेत. त्यांच्या जोडीला कुशिंगच्या हातची कोर्टातल्या टिपणांची एक वहीही आहे. १७८३ च्या एप्रिल महिन्यात वूस्टर गावी चाललेल्या एका मारहाणीच्या खटल्यात ज्युरीला काय सांगायचे, हे त्याने तिच्यात उतरवून ठेवले होते. त्या खटल्यात आरोपीला दंड झाला अवघा चाळीस शिलिंग. तरीही अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास लिहिणाऱ्याला या वहीची पाने उलटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कुशिंग घराण्यात न्यायदान पिढीजात होते. विल्यमचा जन्म १ मार्च १७३२ चा, समुद्रकाठच्या सिच्युएट गावचा. त्याचे आजोबा वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश होते, वडील जॉन कुशिंगही होते. १७७० मध्ये बॉस्टनच्या रस्त्यावर जमावावर गोळ्या झाडणाऱ्या ब्रिटिश सैनिकांवर खटला चालला, तेव्हा न्यायासनावर बसलेल्या चौघांत हे जॉन कुशिंग होते. विल्यम १७५१ मध्ये हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडला, बॉस्टनमध्ये जेरेमाया ग्रिडली या नामांकित वकिलाच्या हाताखाली कायदा शिकला आणि १७६० मध्ये आजच्या मेन राज्यातल्या पाउनलबरो या नव्या, जंगलाच्या कडेला वसलेल्या गावी गेला. तिथे त्याचा भाऊ चार्ल्स शेरीफ, तर विल्यम मृत्युपत्रे आणि वारसाहक्क पाहणारा न्यायाधीश. १७७१ मध्ये वडिलांनी पद सोडले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी मुलाची नेमणूक झाली.

नेमणूक राजाच्या नावाने होती आणि वेळ मोठी वाईट होती. न्यायाधीशांचे पगार वसाहतीच्या विधिमंडळाने द्यायचे की थेट इंग्लंडच्या राजाने, यावर मॅसॅच्युसेट्समध्ये रण पेटले होते. राजाचा पगार घेणारा न्यायाधीश राजाचाच कौल देणार, अशी लोकांची खात्री. मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हर यांनी राजाचा पगार सोडायला नकार दिला. १७७४ मध्ये त्यांच्यावर महाभियोगाची कारवाई झाली आणि पुढे त्यांना देशच सोडावा लागला. कुशिंग आपले मत सहजी उघड करत नसे. विधिमंडळाने सरळ विचारले, तेव्हा मात्र त्याने राजाचा पगार नाकारला. क्रांतीनंतर नवे सरकार आले. जुन्या न्यायालयातले बाकीचे सगळे गेले, कुशिंग एकटा राहिला. जॉन ॲडम्स यांना मुख्य न्यायाधीश नेमले होते, पण ते त्या आसनावर कधी बसलेच नाहीत. १७७७ मध्ये ते पद कुशिंगकडे आले. राजाच्या कायद्यात मुरलेला हा माणूस आता राजा नसलेल्या राज्याचा कायदा सांगणार होता.

त्या कायद्याला १७८० मध्ये लिखित राज्यघटना मिळाली. तिचा मसुदा मुख्यतः ॲडम्स यांचा. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे तिच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातले पहिलेच कलम म्हणत होते. राज्यात त्या वेळी हजारो काळी माणसे गुलामीत होती. या कलमाचा त्यांच्याशी काही संबंध आहे का, हे घटनेत कुठेच लिहिलेले नव्हते. ते विचारायला न्यायालयात कोणीतरी जायला हवे होते.

वर्षभरातच दोन ठिकाणांहून माणसे गेली. पश्चिमेकडच्या बर्कशर जिल्ह्यात बेट नावाच्या गुलाम स्त्रीने थिओडोर सेजविक या वकिलामार्फत मालकावर दावा लावला आणि ऑगस्ट १७८१ मध्ये तो जिंकला. पुढे ती एलिझाबेथ फ्रीमन हे नाव लावून जगली. दुसरा माणूस वूस्टर जिल्ह्यातला क्वॉक वॉकर.

वॉकरची गोष्ट सुरू होते ती एका खरेदीखतापासून. १७५४ मध्ये जेम्स कॉल्डवेल या शेतकऱ्याने मिंगो, त्याची बायको डायना आणि त्यांचे काही महिन्यांचे मूल असे तिघांना मिळून विकत घेतले. ते मूल म्हणजे क्वॉक. वयात आल्यावर तुला मोकळे करीन, असे कॉल्डवेलने त्याला सांगितल्याचे वॉकर म्हणत असे. कॉल्डवेल १७६३ मध्ये वारला. त्याच्या विधवेने नॅथॅनियल जेनिसनशी लग्न केले, काही वर्षांनी तीही गेली आणि क्वॉक जेनिसनच्या ताब्यात राहिला. दिलेला शब्द पाळण्याचा जेनिसनचा विचार नव्हता. १७८१ च्या वसंतात वॉकर, तेव्हा साधारण अठ्ठावीस वर्षांचा, त्याचे घर सोडून चालता झाला आणि जुन्या मालकाच्या भावांच्या, सेथ आणि जॉन कॉल्डवेल यांच्या, शेतावर कामाला लागला. जेनिसन माणसे घेऊन तिथे पोचला, चाबकाच्या दांड्याने त्याला मारले आणि कोंडून घातले.

यातून एकापाठोपाठ तीन खटले उभे राहिले. वॉकरने जेनिसनवर मारहाणीचा दावा केला. ज्युरीने तो स्वतंत्र माणूस असल्याचे ठरवून पन्नास पौंड भरपाई दिली. जेनिसनने कॉल्डवेल बंधूंवर आपला नोकर फूस लावून पळवल्याचा दावा केला. तिथे त्याला पंचवीस पौंड मिळाले. एकाच जिल्ह्यातल्या, एकाच हंगामातल्या दोन ज्युरींनी एकाच माणसाबद्दल उलटसुलट कौल दिले. अपिलात कॉल्डवेल बंधू जिंकले. त्यांच्या बाजूने उभा असलेला एक वकील होता लेवी लिंकन. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरा खटला सरकारने भरला: एका स्वतंत्र नागरिकाला मारहाण केल्याबद्दल जेनिसनवर फौजदारी. १७८३ च्या एप्रिलमध्ये तो उभा राहिला, तेव्हा सरकारच्या बाजूने ॲटर्नी जनरल रॉबर्ट ट्रीट पेन होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांची सही आहे, तेच हे पेन. न्यायासनावर मुख्य न्यायाधीश कुशिंग. जेनिसनचा बचाव एका ओळीचा होता: मी मारले, पण तो माझा गुलाम होता.

त्यावर ज्युरीला काय सांगायचे, हे कुशिंगने वहीत लिहिले. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. गुलामगिरी या प्रांतात एक रूढी म्हणून चालत आली. माणसाला गुलाम करण्याचा हक्क तिला कोणत्याही कायद्याने स्पष्टपणे दिलेला नव्हता. पूर्वी लोकांची मते काहीही असोत, आता अमेरिकेतल्या लोकांनी माणसाच्या नैसर्गिक हक्कांची बाजू घेतली आहे, आणि हे हक्क रंग किंवा नाकाची ठेवण पाहून मिळत नाहीत. त्याच भावनेतून लोकांनी घटना लिहिली आणि सर्व माणसांना स्वतंत्र म्हटले. अशा घटनेशी गुलामगिरीचा मेळ बसूच शकत नाही, म्हणून ती संपली आहे. ज्युरीने जेनिसनला दोषी ठरवले. दंड: चाळीस शिलिंग.

कोर्टाच्या अधिकृत दप्तरात यातले काय उतरले? आरोप, आरोपीचा नकार, ज्युरीचा कौल, दंड. कारण तेव्हाची रीतच तशी होती. निकालामागची कारणे छापून प्रसिद्ध करण्यासाठी मॅसॅच्युसेट्सने अधिकृत वृत्तलेखक नेमला तो १८०४ मध्ये. त्याआधी न्यायाधीश ज्युरीपुढे जे बोलत ते ऐकणाऱ्यांच्या कानांत राहायचे, नाहीतर न्यायाधीशांच्या खासगी वहीत. वही घरच्या पेटीत जायची आणि पेटी वारसांकडे. राज्याचा कायदा असा घराघरांतून विखुरला होता. कुशिंगच्या वारसांनी रद्दी समजून ही पेटी रिकामी केली असती, तर वूस्टरच्या खटल्याची ओळख एक किरकोळ मारहाण एवढीच उरली असती.

वही लगेच कोणापुढे आली नाही. १७९५ मध्ये व्हर्जिनियाचे न्यायाधीश सेंट जॉर्ज टकर यांनी बेल्कनॅपना पत्र लिहून प्रश्नांची यादीच पाठवली. व्हर्जिनियातली गुलामगिरी कशी संपवता येईल, याचा विचार करणारे टकर विचारत होते की तुमच्याकडे ती संपली कशी. बेल्कनॅपनी राज्यातल्या जाणत्यांकडून उत्तरे मागवली. जॉन ॲडम्स यांनी कळवले की खरे कारण गोरे मजूर. गुलामांशी कामासाठी स्पर्धा करणे त्यांना नको होते. बेल्कनॅपनी लोकमताला श्रेय दिले आणि वूस्टरच्या खटल्याचाही उल्लेख केला. टकर यांनी १७९६ मध्ये क्रमाक्रमाने मुक्ती देण्याची योजना छापली. व्हर्जिनियाच्या विधानसभेने ती बाजूला सारली. त्यांच्याही घराण्याचे कागद आज विल्यम अँड मेरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

कुशिंगच्या टिपणातला मजकूर मोठ्या प्रमाणावर अभ्यासकांपुढे आला तो १८७० च्या दशकात. मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश होरेस ग्रे यांनी तो हिस्टॉरिकल सोसायटीपुढे मांडला. तेव्हापासून वाद चालू आहे. लिहिलेले सगळे कुशिंग कोर्टात बोलला का? एका फौजदारी खटल्याने गुलामगिरी संपली, की आधीच ढासळत आलेल्या प्रथेला त्याने शेवटचा धक्का दिला? विधिमंडळाने तर बंदीचा कायदा कधी केलाच नाही. काही मालकांनी गुलामांना करारबद्ध नोकर म्हणून दाखवले, काहींनी राज्याबाहेर विकून टाकले. एक गोष्ट मात्र आकड्यांत आहे: १७९० च्या पहिल्या राष्ट्रीय जनगणनेत मॅसॅच्युसेट्सपुढे गुलामांच्या रकान्यात शून्य आहे.

तोवर कुशिंग राष्ट्रीय पातळीवर पोचला होता. १७८८ मध्ये संघराज्याच्या घटनेला मान्यता देण्यासाठी राज्याची परिषद भरली. अध्यक्ष जॉन हॅनकॉक आजारी, म्हणून बराच काळ कामकाज कुशिंगने चालवले. घटना १८७ विरुद्ध १६८ मतांनी मंजूर झाली. पुढच्या वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिल्या सर्वोच्च न्यायालयावर त्याची नेमणूक केली. फेब्रुवारी १७९० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल एक्स्चेंज इमारतीत ते न्यायालय प्रथम भरले. कुशिंग जुन्या इंग्रजी थाटाचा मोठा पांढरा केसांचा टोप घालून आला. रस्त्यावरची पोरे त्याच्या मागे लागली आणि मग त्याने तो टोप बदलला, अशी गोष्ट सांगतात.

सर्वोच्च न्यायालयात तेव्हा खटले मोजके होते. खरा घाम निघायचा तो फिरतीत. १७८९ च्या कायद्याने देशाची तीन मंडळे केली होती आणि न्यायाधीशांनी वर्षातून दोनदा मंडळातली गावे फिरून न्यायालय भरवायचे होते. कुशिंग दोन घोड्यांच्या गाडीतून जाई. गाडीत पुस्तकांसाठी आणि शिधासामग्रीसाठी खास जागा केलेली. सोबत पत्नी हॅना. वाटेत ती त्याला पुस्तके वाचून दाखवी. आपण दोघे नुसती प्रवास करणारी यंत्रे झालो आहोत, कुठेच ठिकाणा नाही, असे तिने एका पत्रात लिहिले आहे. अबिगेल ॲडम्सशी तिचा पत्रव्यवहार होता. खराब रस्ते, खानावळींतला मुक्काम, आजारपणे हे कोर्टाच्या नोंदवहीत सापडत नाही. त्यासाठी हॅनाची पत्रेच काढावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या दशकाचा कागदोपत्री इतिहास आठ खंडांत प्रसिद्ध झाला आहे, आणि न्यायाधीशांच्या घरगुती पत्रांशिवाय तो उभाच राहिला नसता.

४ मार्च १७९३ रोजी फिलाडेल्फियात वॉशिंग्टन यांना दुसऱ्या कारकिर्दीची शपथ कुशिंगने दिली. १७९६ च्या जानेवारीत वॉशिंग्टन यांनी त्याला देशाचा सरन्यायाधीश म्हणून निवडले, सेनेटने लगेच मान्यता दिली. आठवडाभरात कुशिंगने प्रकृतीचे कारण देऊन सनद परत केली आणि साधा न्यायाधीश म्हणूनच पुढची चौदा वर्षे काढली. शेवटी शेवटी प्रकृती साथ देईना. १८०३ च्या गाजलेल्या मार्बरी खटल्यात तो बसू शकला नाही. १३ सप्टेंबर १८१० रोजी सिच्युएटमध्ये तो वारला.

त्याच्या रिकाम्या जागेवर राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी पहिले नाव सुचवले ते लेवी लिंकन यांचे: तीस वर्षांपूर्वी कुशिंगच्या न्यायालयापुढे कॉल्डवेल बंधूंची बाजू मांडणारे वकील. सेनेटने संमती दिली, पण लिंकन यांची दृष्टी जात चालली होती आणि त्यांनी नकार कळवला. १८११ च्या अखेरीस ती जागा बत्तीस वर्षांच्या जोसेफ स्टोरी यांना मिळाली.

बॉयल्स्टन स्ट्रीटवरच्या दप्तरात वॉकर भेटतो तो इतरांच्या हस्ताक्षरांत. एलिझाबेथ फ्रीमनची मात्र तिथे एक छोटी तसबीर आहे, १८११ साली रंगवलेली. निळा पोशाख, पांढरी टोपी, गळ्यात सोन्याचे मणी. त्या मण्यांचे पुढे कंकण झाले आणि तेही याच संस्थेत, कुशिंगच्या वहीच्या सोबतीला आहे.