आमवाताची गोळी : रोज नव्हे, आठवड्यातून एकदा

काही वर्षांपूर्वी दवाखान्यात एक मावशी आल्या. अंगात ताप, आणि तोंड इतके आलेले की भाकरीचा तुकडाही गिळवत नव्हता. आमवातासाठी त्यांना मेथोट्रेक्झेट चालू होते.

"गोळी कधी घेता?"

"रोज रात्री, न चुकता."

माझ्या पोटात गोळा आला. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठी माझीच होती. 'आठवड्यातून एकदा' एवढे लिहिले होते, पण वार लिहिला नव्हता, समजावूनही सांगितले नव्हते. रक्तातील पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल करून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शने द्यावी लागली. मावशी बचावल्या.

आमवात म्हणजे उतारवयातली साधी गुडघेदुखी नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी बोटे तासभर आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, पुढे बोटे वाकडी होतात. वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, सांध्याची नासाडी थांबत नाही. मेथोट्रेक्झेट बिथरलेल्या प्रतिकारशक्तीलाच आवर घालते. हे कर्करोगाचेही औषध आहे, हे कळताच पुष्कळ जण घाबरून सोडतात. पण आमवातात मात्रा पुष्कळ कमी असते : साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम, तीही अख्ख्या आठवड्याची. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. पंधरा दिवसांत डॉक्टर बदलू नका.

सोबतची फोलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी घ्यावी. रक्त, यकृत व मूत्रपिंडाची तपासणी ठरल्या वेळी करावी. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. दारू वर्ज्य. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना हे औषध चालत नाही. मूल हवे असेल तर आधीच सांगावे. लघवीच्या जळजळीसाठी दुकानातून परस्पर को-ट्रायमॉक्साझोल आणून घेऊ नये, दोन्ही मिळून रक्तपेशी धोकादायक उतरू शकतात. ताप, धाप, कोरडा खोकला किंवा तोंड आले, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठावे.

आता मी चिठ्ठीवर वार लिहितो आणि तो रुग्णाकडून वदवून घेतो. तज्ज्ञांच्या सल्ल्याने मावशींची गोळी काही महिन्यांनी कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली. वार त्यांनीच निवडला, गुरुवार. दत्ताचा वार विसरायची नाही म्हणाल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर गुरुवारी नात पेन्सिलीने फुली मारते.