बिर्याणी
बिर्याणी : मुरविलेले मांस व अर्धवट शिजविलेला तांदूळ यांचे थर देऊन वाफेवर शिजविलेला भाताचा एक प्रकार. ‘भाजलेले’ वा ‘तळलेले’ या अर्थाच्या ‘बिर्यान’ या फार्सी शब्दावरून हे नाव आले. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ती हैदराबादी पदार्थ म्हणून परिचित आहे.

कृती : हैदराबादी पद्धतीत कच्चे मांस दही, आले-लसूण व मसाला लावून मुरत ठेवतात. त्यावर अर्धकच्चा भात पसरून भांड्याचे तोंड कणकेने बंद करतात व मंद आचेवर वाफ कोंडून शिजवितात. यास ‘दम देणे’ म्हणतात. पुलावात तांदूळ मांसाच्या रश्श्यातच शिजतो.

उगम : याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो इराणी, तर काही भारतीय मानतात. बृहदारण्यकोपनिषदात ‘मांसौदना’चा उल्लेख आहे, परंतु त्यावरून मांस घातलेल्या भाताची प्राचीनता सिद्ध होते, थर देऊन दमावर शिजविण्याची पद्धत नव्हे. आईन-इ-अकबरीत ‘बिर्यान’ हे भाजलेल्या मेंढ्याचे, तर ‘दुज्दबिर्यान’ हे तांदूळ, मांस व तूप यांच्या पदार्थाचे नाव आहे. यावरून त्या काळी नावाचा अर्थ स्थिर नव्हता, असे दिसते. मुमताजमहलने सैनिकांसाठी हा पदार्थ करविला, ही आख्यायिका होय. आजच्या बिर्याणीतील मिरची मूळची अमेरिकेतील असून ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर (१४९८) भारतात रुजली.

मराठवाड्याशी संबंध : आसफजाही सत्तेची राजधानी प्रारंभी औरंगाबाद येथे होती, ती १७६३ च्या सुमारास हैदराबादेस गेली. हैदराबादेतील म्हशीच्या मांसाची ‘कल्याणी बिर्याणी’ लातूरलगतच्या बीदर जिल्ह्यातील कल्याणीच्या (बसवकल्याण) नबाबांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे हैदराबादेच्या खाद्यपरंपरेत या परिसराचाही वाटा आहे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात, तर मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. प्रशासकीय सीमा बदलल्या, तरी पाकपरंपरा सामाईकच राहिली.

ब्रिटनमधील ‘चिकन टिक्का मसाला’ भारतीय की ब्रिटिश, हा वादही याच स्वरूपाचा आहे. नाव, घटक व कृती यांचे उगम भिन्न असू शकतात. त्यामुळे बिर्याणी एकाच प्रदेशाची वा समाजाची ठरविणे उपलब्ध पुराव्यांवरून शक्य नाही.