वसईची आडनावे

वाचकहो, नंदाखालकडच्या एखाद्या शाळेत हजेरी चालू आहे असे समजा. लोपीस, परेरा, मच्याडो, तुस्कानो अशी नावे पुकारली जातात, आणि तीच मुले मधल्या सुट्टीत सामवेदी बोलीत भांडतात! नवे गुरुजी हळूच विचारतात, "ही मंडळी मूळची पोर्तुगीज काय हो?"

तसे नाही. वसई 1534 साली पोर्तुगिजांकडे गेली, ती 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकली. मधल्या काळात इथल्या कुळांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा धर्मपित्याचे नाहीतर पाद्र्याचे आडनाव त्या घराला चिकटले. माणसे इथलीच. म्हणूनच दोन डिसोझा एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. हीच बोली शेजारच्या हिंदू नाईक-जोशींच्या घरांतही बोलतात.

आता अर्थ पाहा. लोपीस म्हणजे लोपोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा. डिसोझा हा सौझा नदीकडचा. आपण गावाला 'कर' लावतो ना, तसलाच प्रकार. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, आणि मच्याडो म्हणजे चक्क कुऱ्हाड! तुस्कानोची तर गंमतच. तो इटलीतल्या तुस्कानी प्रांताचा, म्हणजे पोर्तुगालातही पाहुणाच.

पोर्तुगीज जहाजे गेली तिथे ही नावे गेली: गोव्यात, ब्राझीलमध्ये, चीनच्या किनाऱ्यावर मकावला. मकावच्या चिनी ख्रिस्ती घरांतही अशी आडनावे आढळतात. आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.