सिकलसेल : कार्ड लपवू नका

सिकलसेल तपासणीच्या कार्डावर ‘वाहक’ असे लिहून आले की अनेक घरांत पहिली चिंता लागते ती मुलीच्या लग्नाची. मग कार्ड पेटीच्या तळाशी जाते. खरे तर लग्नाच्या बोलणीतच ते बाहेर काढायला हवे.

सिकलसेल संसर्गाने होत नाही. तो आईवडिलांकडून येतो. एकाकडून दोष आला तर मूल वाहक होते. वाहकाला सहसा त्रास होत नाही, औषधही लागत नाही. दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण होते. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय असह्य दुखतात, डोळे पिवळे होतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो. घरचे वात किंवा कावीळ समजून झाडपाल्याच्या मागे लागतात. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनीही हा रक्तक्षय बरा होत नाही.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाच्या जोडीदाराचे रक्त पूर्ण निर्दोष असेल, तर मूल रुग्ण होत नाही. म्हणून वाहक मुलीचे लग्न अडत नाही; फक्त मुलाचीही तपासणी हवी. लग्न आधीच झाले असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी करता येते.

महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान या जमातींत आणि विदर्भातील अनुसूचित जातींतही हा दोष आढळतो. वाहकाला गंभीर हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. यात कोणाचा कमीपणा नाही. कळमनुरी, औंढा नागनाथ भागातील आंध आदिवासी कुटुंबांनीही तपासणी टाळू नये. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी अपेक्षित आहे.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे. घर ऊसतोडीला निघाले, तर कार्ड आणि गोळ्या सोबत हव्यात. तिकडच्या डॉक्टरांना रात्री-अपरात्री दुखण्याचे कारण त्या कार्डावरूनच लगेच कळेल.