आजीची गाणी आणि राऊटरचं दार

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या आवाजातली भुलाबाईची गाणी मामाजींनी एका कोजागिरीला व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपून ठेवली होती आणि ती एकाच जागी होती, सौंसरच्या घरातल्या जुन्या हार्ड डिस्कवर. मागच्या पावसाळ्यात मामाजींचा फोन आला, "बाबू, ते डबडं टकटक करून राहिलं. आजीचं काही जाणार तर नाही ना?"

डिस्क तगली. नव्या डिस्कवर सगळं उतरवलं तेव्हा ८० जीबी भरलं. पण प्रत पुन्हा एकाच घरात! म्हणून ठरवलं की एक सौंसरला आणि एक आमच्या पांढुर्ण्याच्या घरी ठेवायची, आणि एकीकडे काही नवीन टाकलं की दुसरीकडे आपोआप पोचायला हवं. क्लाउडचं नाव काढताच मामाजी म्हणाले, "घरच्याच वस्तूचं दर महिन्याला भाडं काहून द्यायचं?" प्रश्न रास्त होता.

मग सिंकथिंग घेतलं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. फाइल कुठल्या कंपनीकडे साठत नाही, या संगणकावरून थेट त्या संगणकावर जाते. यालाच पीअर टू पीअर म्हणतात. तरुण मंडळींना हा शब्द टॉरंटमुळे माहीत असतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरंट आणलं, तेही याच तत्त्वावर चालतं. (नवा मराठी सिनेमा त्यावरून उतरवणाऱ्यांनो, उतरवताना तुमचा संगणक तो इतरांना वाटतही असतो. कायद्याच्या नजरेत तो वाटणाराच.)

पोळ्याला इंदूरहून घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीकडे सगळं गाव लोटलेलं, आईने मला बाहेर पडू दिलं नाही. बसलो राऊटर घेऊन. दोन्ही संगणकांवर सिंकथिंग होतं, एकमेकांची ओळखही करून दिली होती, पण फाइल मुंगीच्या चालीने सरकत होती. खाली बारीक अक्षरांत 'रिले' लिहिलेलं. म्हणजे दोन्ही घरांची दारं बंद, म्हणून तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरच्या ओसरीवरून माल चाललेला. माल कुलूपबंद असतो, मधल्याला उघडता येत नाही, पण या वेगाने दिवाळी उजाडली असती.

दारं बंद का? घरातल्या फोन, टीव्ही, संगणकाला राऊटर १९२.१६८ ने सुरू होणारे आतले पत्ते देतो. बाहेरच्या जगाला मात्र घराचा एकच पत्ता दिसतो. आतून कुणी बाहेर विचारणा केली तर उत्तर कुणाला द्यायचं हे राऊटरच्या लक्षात असतं. बाहेरून अचानक कुणी आलं तर त्याला कुणाकडे पाठवायचं हेच कळत नाही, म्हणून तो परत फिरवतो. सुरक्षेसाठी हे उत्तमच. फक्त मामाजीही त्यात परत जात होते.

पहिला अडथळा तर राऊटरपर्यंत पोचलाच नव्हता. सिंकथिंग पहिल्यांदा चालू झालं तेव्हा विंडोजच्या फायरवॉलने परवानगी विचारली होती आणि बाबांनी घाबरून 'कॅन्सल' दाबलं होतं. असं केलं की विंडोज त्या प्रोग्रामला आडवण्याचा नियमच लिहून ठेवतं. फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत जाऊन सिंकथिंगसमोर 'प्रायव्हेट'ची खूण केली, घरचं वायफायही 'पब्लिक'वरून 'प्रायव्हेट' केलं. वैतागून अख्खी फायरवॉल बंद करणारे लोक मी पाहिलेत. एका पाहुण्यासाठी घराची भिंत पाडतं का कुणी?

मग राऊटर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं (इंग्रजी आकड्यांत; काही राऊटरांना १९२.१६८.०.१ लागतं). पासवर्ड खालच्या चिठ्ठीवर होता, तो आधी बदलला. स्टेटसच्या पानावर 'वॅन आयपी' दिसतो. तो आणि 'माझा आयपी काय' असं इंटरनेटवर शोधल्यावर दिसणारा, हे दोन्ही जुळवून पाहायचे. पांढुर्ण्यात जुळले. सौंसरला मामाजींनी फोनवर वाचून दाखवलं, "शंभर, टिंब, बहात्तर..." मी कपाळावर हात मारला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापराचा आहे. आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत, म्हणून कंपनी शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. याला सीजीनॅट म्हणतात. तिथे घरच्या राऊटरवर कितीही दारं उघडा, गल्लीचं फाटक कंपनीच्या हातात. लोक इथेच रात्र रात्र घालवतात, म्हणून आधी हे तपासा, मग बाकीचं.

पण दोन्ही दारं उघडी लागतच नाहीत! एक उघडं असलं की दुसरा आतून येऊन त्यावर थाप मारतो, आणि एकदा जोडणी झाली की माल दोन्हीकडे जातो. म्हणून काम फक्त पांढुर्ण्यातच उरलं. राऊटरमध्ये आमच्या संगणकाला १९२.१६८.१.२० हा पत्ता कायमचा राखून ठेवला, नाहीतर वीज गेली-आली की पत्ता बदलू शकतो आणि नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवतो. मग 'पोर्ट फॉरवर्डिंग'मध्ये (काही राऊटरांत 'व्हर्च्युअल सर्व्हर') पोर्ट २२०००, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, त्या पत्त्याकडे वळवलं. एवढंच. 'डीएमझेड' नावाचं बटण सगळीच दारं एकदम उघडतं, त्याला हात लावला नाही. 'यूपीएनपी' चालू ठेवलं की प्रोग्राम स्वतःच दार उघडून घेतात. सोय खरी, पण घरात शिरलेला वाईट प्रोग्रामही तेच करू शकतो, म्हणून मी ते बंद केलं.

सौंसरच्या स्क्रीनवरचा 'रिले' गेला. तरी ८० जीबी म्हणजे २० एमबीपीएसच्या अपलोडवर साधारण नऊ तास, आणि तेही वीज टिकली तर. मामाजी म्हणाले, "मी डिस्क घेऊनच येतो ना, बाप्पा." पहिली खेप मामाजींच्या पिशवीतून बसने आली. त्यानंतर तारेवरून फक्त नवं तेवढं जातं.

दसऱ्याच्या सुमारास धाकट्या चुलतभावाने जागा कमी पडते म्हणून पांढुर्ण्यातला 'आजी' फोल्डर उडवला. सिंकथिंगने इमानेइतबारे सौंसरचाही उडवला. ते त्याचं कामच आहे. नशिबाने सौंसरच्या संगणकावर 'फाइल व्हर्जनिंग' मी चालू केलं होतं. ते आपोआप चालू नसतं. उडवलेलं सगळं तिथे एका लपलेल्या फोल्डरमध्ये सापडलं. तेवढ्या वीस मिनिटांत मी चुलतभावाला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आता तिसरी प्रत एका डिस्कवर माझ्याकडे इंदूरला आहे, कुठल्याच तारेला न जोडलेली.

कोजागिरीला सौंसरहून एक नवी फाइल आली. मामीजींनी आजीचंच गाणं म्हटलं होतं, मधल्या दोन ओळी विसरल्या होत्या. आईने आजीची जुनी फाइल लावली, ओळी लिहून घेतल्या आणि मामीजींना फोन लावला.