ट्रॅक्टरचा ब्रेक का लागत नाही?

पावसाळ्यात पालघर-बोईसर भागात भातखाचरांत चिखलणी करणारे ट्रॅक्टर तुम्ही पाहिले असतील. ट्रॅक्टरला सहसा ब्रेकची दोन पेडले असतात : एक मागच्या डाव्या चाकाचे, दुसरे उजव्याचे. खाचरात एकच दाबले, की ट्रॅक्टर थोड्या जागेत वळतो.

ब्रेकचे काम घर्षणावर चालते. पेडल दाबले, की लायनिंग फिरत्या ड्रमवर घासते आणि गतीची उष्णता होते. मग जुना ब्रेक दुबळा का होतो? लायनिंग झिजले, तर पेडल फार खाली जाते. तेव्हा दांडीचा नट फिरवून ते नेमते करतात. पाणी शिरले, तर लायनिंग वाळेपर्यंत पकड कमी राहते. पण सील गळून तेल लागले असेल, तर नट कितीही आवळा, उपयोग नाही! तेलकट हाताने बाटलीचे झाकण उघडून पाहा, म्हणजे पटेल. सील आणि लायनिंग, दोन्ही बदलावी लागतात.

एकच चाक थांबले, तर रस्त्यावर ट्रॅक्टर बाजूला ओढला जाऊन उलटूही शकतो. म्हणून दोन्ही ब्रेक सारखे लागतात ना, हे मिस्त्रीकडून तपासून घ्यावे आणि खाचरातून रस्त्यावर येण्यापूर्वी पेडले खिटीने जोडावीत. वेग दुप्पट झाला, की थांबायला चौपट अंतर लागते, बरे का!